एक जूनचा मास्तर

मिरजेत साठीला टेकलेल्या माणसानं पासपोर्ट काढला की गल्ली एकच प्रश्न विचारते, "कुणाचं बाळंतपण?"

यात गल्लीची चूक नाही. आमच्याकडून या वयात परदेशी गेलेली सगळी माणसं त्याच कामाला गेली. कुणी न्यू जर्सीला, कुणी मेलबर्नला, पण बॅगेत डिंकाचे लाडू, अळीव आणि बाळंतशोपा ठरलेल्या. सहा महिने नातवाला तेल चोळायचं, तिथल्या कोथिंबिरीच्या जुडीचे रुपये करून हळहळायचं आणि परत येऊन "रस्ते मात्र स्वच्छ हो" एवढा अहवाल द्यायचा. त्यामुळे "नोकरीसाठी चाललोय" असं मी सांगितलं तेव्हा किराणा दुकानदाराचा साखर मोजणारा हात जागच्या जागी थांबला. आवाज खाली आणून तो म्हणाला, "सर, पेन्शन बंद पडली का?"

पेन्शन चालू होती. नोव्हेंबर २००५ च्या आधी नोकरीला लागलेल्या भाग्यवंतांपैकी मी एक. अडचण पेन्शनची नव्हती, अडचण माझी होती. बत्तीस वर्षं पाचवी ते दहावीला इंग्रजी शिकवून ३१ मे २०२२ ला मी निवृत्त झालो. पहिल्या आठवड्यात घरी आलेल्या लग्नपत्रिकांतल्या इंग्रजी चुका लाल पेनानं काढल्या. दुसऱ्या आठवड्यात स्वयंपाकघरातले डबे अकारविल्हे लावले. त्यामुळे हळद आणि हिंग शेजारी आले, पण मीठ आणि मोहरी सोडली तर बाकी काहीच हिला सापडेना. तिसऱ्या आठवड्यात हिनंच पुण्याला मुलाला फोन केला, "यांना कुठंतरी पाठव."

मुलगा आयटीत आहे. त्यानं दोन दिवसांत शोध लावला की जगभर इंग्रजी शिकवणाऱ्यांना मागणी आहे. मग जरा थांबून त्यानं विचारलं, "बाबा, तुमचं खरं वय किती?"

हे वयाचं प्रकरण आधीच सांगून टाकतो. माझी जन्मतारीख १ जून. माझ्या पिढीतल्या निम्म्या महाराष्ट्राची तीच आहे. आईनं हाताला धरून शाळेत नेलं तेव्हा हेडमास्तरांनी विचारलं, "जन्म कधीचा?" आई म्हणाली, "बेंदराच्या आदल्या दिवशीचा. तांबडी गाय व्याली, त्याच सांजेचा." हेडमास्तरांनी तांबड्या गाईची साक्ष न काढता रजिस्टरात १ जून लिहून टाकलं. शाळा जूनमध्ये सुरू होते, तेव्हा पोर बरोबर सहा वर्षांचं दिसलं की काम भागलं. एका टाकाच्या फटकाऱ्यात अख्खं गाव एका दिवशी जन्माला आलं. महिन्याच्या एक तारखेला जन्मलेला नोकर आधीच्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतो, त्यामुळे महाराष्ट्रात ३१ मे हा हारवाल्यांचा दसरा असतो. मी कागदावर आहे त्यापेक्षा दहा-अकरा महिन्यांनी मोठा असेन, नाहीतर महिना-दीड महिन्यानं लहान. आई दोन्ही सांगायची. जगातल्या एकाही एजंटाला मात्र माझ्या वयाबद्दल तिळभर शंका नव्हती.

माझ्या लहानपणी शेजारचे एक गुरुजी इथिओपियाला गेले होते. सम्राट हैले सेलासींच्या काळात तिथल्या शाळांत भारतीय शिक्षक पुष्कळ असत. सुट्टीवर आले की गुरुजी ओट्यावर बसून सांगायचे : तिकडं वर्षाला तेरा महिने असतात, त्यांचं साल आपल्या कॅलेंडरच्या सात-आठ वर्षं मागं चालतं आणि आपले सकाळचे सात वाजले की त्यांचा एक वाजतो. आम्हा पोरांना ही शुद्ध थाप वाटायची. ती अक्षरशः खरी आहे हे पुढं कळलं, आणि तिची किंमत अठ्ठावन्नाव्या वर्षी कळली. मी मुलाला म्हटलं, "इथिओपियात बघ. तिथं मी एक्कावन्नाचा पडेन."

"बाबा, जन्मसालही तेवढंच मागं जाईल."

आयटीतली मुलं हिशेबाला पक्की असतात, पण म्हाताऱ्या माणसाला थोडी घासाघीस करू द्यावी हे त्यांना कुणी शिकवलेलं नसतं.

मग जाहिराती सुरू झाल्या. "तरुण, उत्साही, हसतमुख नेटिव्ह स्पीकर पाहिजे. अलीकडचा फोटो पाठवा." ही चष्मा लावून वाचत होती. म्हणाली, "ही नोकरीची जाहिरात आहे की स्थळाची?" मी म्हटलं, स्थळाच्या जाहिरातीत मुलीच्या शिक्षणाचा उल्लेख तरी असतो.

मला खरा धक्का बसला तो 'नेटिव्ह' या शब्दाचा. माझी आजवर अशी समजूत होती की नेटिव्ह म्हणजे आम्ही. साहेबानं आम्हाला दीडशे वर्षं दुसऱ्या नावानं हाक मारलेली नाही. एकोणिसाव्या शतकात मुंबईत 'बॉम्बे नेटिव्ह एज्युकेशन सोसायटी' होती, तिच्या शाळांत आमच्या पूर्वजांनी इंग्रजी गिरवलं. तेव्हा नेटिव्हाला इंग्रजी येत नाही म्हणून शिकवायची होती. आता इंग्रजी शिकवायला नेटिव्हच लागतो, आणि नेमका आत्ता तो मान आमच्याकडून काढून घेतलेला.

नेटिव्ह कोण, हे बोलून ठरत नाही, पासपोर्ट बघून ठरतं. दक्षिण कोरियात इंग्रजीच्या शिक्षकांना जो ई-२ व्हिसा देतात, त्याची मुख्य यादी सात देशांची : अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका. मी ती दोनदा वाचली. ही इंग्रजीची यादी आहे की क्रिकेटची? क्रिकेटची म्हणावी तर आम्ही कुठं आहोत, आणि कॅनडा कशाला आलाय?

चीनचं दार साठीला सहसा बंद होतं. माझ्याकडं दोन वर्षं होती, पण कागदपत्रांचा वेग पाहता ती पुरली नसती. शिवाय २०२१ मध्ये तिथल्या सरकारनं खासगी शिकवण्यांवर असा बडगा उगारला की मोठमोठे क्लासवाले देशोधडीला लागले. ही बातमी मी आमच्या कोपऱ्यावरच्या क्लासवाल्याला मुद्दाम दोनदा वाचून दाखवली. मालदीवमध्ये भारतीय शिक्षकांची जुनी चाल आहे, म्हणून तिकडंही चौकशी केली. पण ज्या बेटाचं नाव घ्यावं तिथं केरळचे मास्तर आमच्या आधी उतरून, मासे घेऊन, घरी परतलेले असायचे.

उरलं थायलंड. थायलंड 'नाही' म्हणालं नाही. ते म्हणालं, तुम्ही नेटिव्ह नाही, तर आधी इंग्रजी येतं हे सिद्ध करा. टोइक नावाच्या परीक्षेत ९९० पैकी ६०० गुण आणा किंवा आयेल्ट्स द्या. त्याच जाहिरातीत पगाराचे दोन आकडे होते, नेटिव्हाचा वरचा आणि इतरांचा खालचा. एकच फळा, एकच खडू, तीच पोरं. आमच्याकडं अनुदानित आणि विनाअनुदानित असा भेद पाहिलेला असल्यामुळे मला यात नवं काही वाटलं नाही.

आयेल्ट्सला पुण्यात गेलो. खोलीभर विशी-पंचविशीतली पोरं आणि मधोमध मी, वर्गात चुकून राहून गेलेल्या पर्यवेक्षकासारखा. तीन जणांनी मला बाथरूम कुठं आहे ते विचारलं. चौथा पाया पडला. "सर, तुम्ही पण?" हा माझाच विद्यार्थी. नववीत मी त्याला इंग्रजीत नापास केलेलं. आता कॅनडाला निघाला होता.

तोंडी परीक्षा अकरा ते चौदा मिनिटांची असते. मधे एक चिठ्ठी देतात, विचार करायला एक मिनिट आणि बोलायला दोन. एक मिनिट विचार हे ठीक, पण मास्तर दोन मिनिटांत थांबतो हे कुणी ठरवलं? माझी प्रस्तावना संपायच्या आत परीक्षक बाईंनी "थँक यू" म्हटलं. गुण आले, सरासरी साडेसात. लेखनात साडेसहा. ज्या माणसानं बत्तीस वर्षं निबंध तपासले त्याला निबंधात साडेसहा, आणि त्या नववी नापासाला एकूण आठ. त्यानं पेढे आणून दिले. मी ते खाल्ले, पण हिला म्हटलं, साखर जास्त झाली आहे.

या निकालाची मुदत दोन वर्षं. म्हणजे दोन वर्षांनी माझं इंग्रजी आंबणार. लोणच्याची बरणीही यापेक्षा जास्त भरवशाची असते.

एवढ्यावर भागलं नाही. बी.एड. असलं तरी परदेशी इंग्रजी शिकवण्याचं १२० तासांचं प्रमाणपत्र बहुतेक शाळा मागतात. ते ऑनलाइन केलं. शिकवणारी मुलगी सव्वीस वर्षांची, बत्तीस वर्षांपूर्वी ती जन्मायची होती. हुशार होती, यात वाद नाही. पहिल्याच आठवड्यात तिनं 'टीटीटी' नावाचा एक दोष समजावून सांगितला. टीचर टॉकिंग टाइम. वर्गात मास्तर किती वेळ बोलतो ते मोजायचं आणि कमी करायचं. माझा नमुना पाठ तीस मिनिटांचा होता. तिनं मोजलं, त्यात मी सत्तावीस मिनिटं बोललो. उरलेल्या तिनात मी पाणी प्यायलो होतो. "यू टॉक अ लॉट," ती गोड हसून म्हणाली.

स्वयंपाकघरातून आवाज आला, "बत्तीस वर्षं मी वेगळं काय सांगत होते?"

दुसरं शिकलो ते असं की वर्गात "समजलं का?" असं विचारायचं नाही. मी आयुष्यात काही विचारलं असेल तर तेवढंच. मी म्हणायचो "समजलं का?", साठ पोरं म्हणायची "होऽऽ सर", आणि चाचणीत कळायचं की कुणालाच समजलेलं नाही. आता शास्त्र असं की समज तपासणारे छोटे प्रश्न विचारायचे, म्हणजे शिकणाऱ्याला पळता येत नाही. यावर मी हिच्यापुढं अर्धा तास व्याख्यान दिलं. ऐकून झाल्यावर ती बाजारात निघाली आणि दारातून म्हणाली, "दूध गॅसवर आहे. काय आहे गॅसवर? कधी बंद करायचं? उतू गेल्यावर की त्याच्या आधी?" ही पद्धत आमच्या घरात बत्तीस वर्षं बिनप्रमाणपत्राची चालू होती.

तिसरं, गाणी. लहान मुलांना हालचालींतून भाषा शिकवावी, असा एक पंथ आहे, आणि तो बरोबरच आहे. डोक्यापासून पायाच्या बोटांपर्यंत हात लावत म्हणायचं ते प्रसिद्ध गाणं दर फेरीला जास्त वेगानं म्हणायचं असतं. डोकं, खांदे जमले. गुडघ्यांपर्यंत हात गेले. पायाच्या बोटांची आणि माझी शेवटची भेट साधारण २००९ साली झाली होती. तिसऱ्या फेरीला मी खाली गेलो तो तिथंच राहिलो. स्क्रीनवर त्या मुलीला फक्त माझी रिकामी खुर्ची दिसत होती. ती विचारत होती, "सर, इज युअर इंटरनेट ओके?"

मग कागदपत्रं. पहिला साक्षात्कार असा की माझ्याकडं पदवीच नव्हती. १९८५ साली बी.ए. झालो, गुणपत्रिका घेतली, पण पदवीदान समारंभाला गेलो नव्हतो. त्या दिवशी चुलतभावाचं लग्न होतं. सदतीस वर्षं मी पदवीधर म्हणून जगलो आणि माझ्या पदवीचा कागद कुणाच्या तरी कपाटात वाट पाहत बसला होता. तो मिळवला. मग त्याच्यावर मंत्रालयाचा शिक्का, मग परराष्ट्र मंत्रालयाचा, मग मुंबईतल्या थाई वकिलातीचा. प्रत्येक खातं आधीच्या खात्याची सही खरी असल्याचं सांगतं, पदवी खरी आहे की नाही यात कुणालाच रस नसतो. महालक्ष्मी एक्स्प्रेसनं इतक्या खेपा झाल्या की टीसी "सर, अजून नाही का झालं?" असं विचारू लागला. शेवटी पदवीची पुढची बाजू एका सहीची आणि मागची बाजू जत्रेतल्या देवळाच्या भिंतीसारखी झाली.

त्यात नावाचा घोळ. पदवीवर आमच्या पद्धतीनं आधी आडनाव, मग माझं नाव, मग वडिलांचं. परदेशात समजूत अशी की शेवटी असतं ते आडनाव. त्यामुळे नोकरीची पत्रं मिस्टर अमुक म्हणून माझ्या वडिलांना येऊ लागली. त्यांना जाऊन वीस वर्षं झाली, ते पोस्टात होते आणि त्यांचा इंग्रजीशी संबंध मनिऑर्डरच्या फॉर्मपुरता होता. माझ्या अर्जाला चार नकार आले तेवढ्यात वडिलांना दोन मुलाखती आल्या होत्या.

पोलीस पडताळणीला हवालदार घरी येऊन गेला, तेव्हा गल्लीला बाळंतपणाच्या जागी दुसरं कारण मिळालं.

सगळ्यात अवघड गेलं ते वैद्यकीय प्रमाणपत्र. थायलंडमध्ये कामाचा परवाना हवा तर डॉक्टरनं लिहून द्यावं लागतं की या माणसाला कुष्ठरोग, क्षय, हत्तीरोग, दारूचं किंवा अमली पदार्थांचं व्यसन आणि तिसऱ्या टप्प्यातला सिफिलिस यांपैकी काही नाही. ते तिथं गेल्यावर करायचं असतं, पण एजंट म्हणाला, आधी एकदा तुमच्याकडं तपासून घ्या. मिरज हे दवाखान्यांचं गाव, डॉक्टरांना तोटा नाही. तोटा एवढाच की त्यांतले निम्मे माझे विद्यार्थी. मी ज्याच्याकडं गेलो तो दहावीत दुसऱ्या बाकावर बसायचा आणि अजूनही माझ्यासमोर खुर्चीवर बसायला बिचकतो. यादी हातात घेऊन तो एकेक विचारू लागला. कुष्ठरोग झाला. हत्तीरोगाला त्यानं माझी विजार घोट्यापर्यंत वर करायला लावली. मग तो कागदाकडं बघत गप्प झाला. त्याचे कान लाल झाले.

"सर," तो म्हणाला, "शेवटचं तुम्हीच वाचता का?"

मी वाचलं. उच्चार सुधारून पुन्हा वाचलं. त्यानं मान खाली घालून "निरंक" असं लिहिलं आणि फी घेतली नाही.

मुलाखत व्हिडिओवर झाली. मुलाच्या आग्रहानं सलूनमध्ये जाऊन केस काळे केले होते. काळे म्हणजे असे काळे की आरशात मला एक अनोळखी तमासगीर दिसला. मी तयारीत होतो. काळ, प्रयोग, रेन आणि मार्टिन तोंडपाठ. या रेनसाहेबाचं मला नेहमी नवल वाटत आलं आहे. हा पी. सी. रेन स्वतः इंग्लंडहून येऊन मुंबई इलाख्याच्या शिक्षण खात्यात नोकरीला होता, पुढं त्यानं फ्रेंच फॉरिन लीजनवर कादंबऱ्या लिहून नाव काढलं, आणि आम्ही त्याला ओळखतो ते केवळ व्याकरणाच्या पुस्तकावरून. तो इथं नोकरी मागायला आला तेव्हा त्याला कुणी विचारलं असेल का, की मराठी येतं का, फोटो आणलाय का, आणि गुडघे कसे आहेत?

मला व्याकरणावर एकही प्रश्न आला नाही. समोर एक थाई बाई होत्या, इंग्रजी विभागाच्या प्रमुख, आणि त्यांच्या शेजारी एक फिलिपिनो समन्वयक. फिलिपिनो शिक्षक तिकडं सगळीकडं आहेत, आणि शाळेचं खरं इंग्रजी तेच ओढतात हे मी पुढं पाहिलं. बाईंनी विचारलं, गाता येतं का? मी म्हटलं, भजन. नाचता येतं का? मी म्हटलं, लेझीम. मग त्यांनी फार संकोचून वय विचारलं. मी खरं सांगितलं, म्हणजे १ जूनचं.

"ओह," त्या म्हणाल्या, "लाइक माय फादर."

मला वाटलं, संपलं. पण दोन्ही हात जोडून त्यांनी नमस्कार केला आणि तिसऱ्या दिवशी पत्र आलं. आतली गोष्ट फिलिपिनो बाईंनी नंतर सांगितली. माझ्या आधीचा नेटिव्ह तेवीस वर्षांचा होता, देखणा होता, गिटार वाजवायचा. सत्राच्या मध्यावर तो एका शनिवारी समुद्रावर गेला, तो परत आलाच नाही. शाळेला आता समुद्राची ओढ नसलेला माणूस हवा होता.

पत्रावर साल होतं २५६६. थायलंडात बुद्धाच्या महानिर्वाणापासून मोजतात, आपल्या सनापेक्षा ५४३ पुढं. इथिओपियात मी सात वर्षांनी लहान व्हायला निघालो होतो, थायलंडनं एका कागदात पाच शतकांनी मोठा केलं. या बाबतीत नशिबाची थट्टा नेहमी एकाच बाजूनं चालते.

मे महिन्यात निघालो. हिनं बॅगेत मेतकूट, भडंग आणि सवयीनं डिंकाचे लाडू भरले. बाळंतपणाशिवाय विमानात बसलेले गल्लीतले ते पहिले लाडू असावेत.

गाव ईशान भागातलं. थाई लोक आपल्या ईशान्येला 'ईसान' म्हणतात, आणि तो शब्द आपलाच आहे. एकदा हे कळलं की तिथं मराठी माणसाला चाळाच लागतो. महाविद्यालयाला, म्हणजे विद्यापीठाला, 'महावित्थयालय'. भाषेला 'फासा'. इंग्रजीला 'फासा आंगक्रित'. आणि मास्तराला 'ख्रू', जो गुरूचाच घासून गुळगुळीत झालेला अवतार. चौदा नकार खाऊन, मागच्या बाजूला शिक्के मारून घेऊन मी ज्या देशात पोचलो, तिथं माझ्या हुद्द्याला मिरजेतलंच नाव होतं. फक्त त्यातला 'ग' मुंबईच्या वाऱ्यांत कुठंतरी पडला होता.

सकाळी आठला राष्ट्रगीत, सगळी शाळा मैदानात ताठ. वर्गात पाऊल टाकलं तर पंचेचाळीस पोरं उभी राहिली आणि एका सुरात म्हणाली, "गुऽऽड मॉर्निंऽऽग, टीऽऽचर!" मला घशात दाटून आलं. तोच सूर, तोच हेल, शेवटच्या अक्षरावरचा तोच झोका. मी म्हटलं, "हाउ आर यू?" उत्तर पाठ होतं, "आय ॲम फाइन थँक यू ॲण्ड यूऽऽ?" पुढच्या बाकावरची एक पोरगी तापानं फणफणलेली होती, ती पण फाइन होती.

उच्चारांच्या बाबतीत मी नेटिव्हाच्या एक पाऊल पुढं निघालो, हे माझं म्हणणं नाही, फिलिपिनो बाईंचं आहे. थाईत 'व्ह' नाही. पोरं 'व्हॅन'ला 'वॅन' म्हणतात. आता हा रोग आमच्या घरचा. 'व' एकच, साहेबाचे दोन, म्हणून आम्ही 'व्ह' असा एक जोडीदार तयार केला आणि दुकानांच्या पाट्यांवर लावला. दात ओठावर टेकवून फुंकर कशी मारायची हे मला तिसरी पिढी शिकवत असल्यासारखं येत होतं. शब्दाच्या शेवटचा 'स' मात्र पोरं गिळतात तो गिळतातच. 'आइस' म्हणजे 'आय'. मी उन्हात उभा राहून बर्फ मागायचो आणि कॅन्टीनची बाई "यू?" असं विचारायची.

वाराच्या रंगांचं मी हिला कळवलं. सोमवारी पिवळा, मंगळवारी गुलाबी, बुधवारी हिरवा, गुरुवारी नारिंगी. सोमवारी आमची शिक्षकखोली हळदीच्या ढिगासारखी दिसते. नवरात्रात नऊ दिवस पेपर बघून साड्या नेसणारी ही म्हणाली, "म्हणजे तिकडं बारा महिने? मग तुम्ही तिथं एकटे काय करताय?" दर नव्वद दिवसांनी परदेशी माणसानं मी इथंच राहतो असं इमिग्रेशनला कळवायचं असतं, हेही सांगितलं. त्यावर ती म्हणाली की बत्तीस वर्षांत मी तिला एवढंही कळवलेलं नाही.

जूनमधल्या एका गुरुवारी 'वाय ख्रू' होता. वाय म्हणजे हात जोडणं, ख्रू म्हणजे आम्ही. गुरुवारच का, तर तो गुरूचा वार, बृहस्पतीचा, थाईतसुद्धा त्याचं नाव तेच. मी नारिंगी शर्ट घालून सभागृहात इतर शिक्षकांबरोबर ओळीनं खुर्चीवर बसलो. नेटिव्ह कोण आणि इतर कोण, हे खुर्च्यांवर लिहिलेलं नव्हतं. पोरं गुडघ्यांवर सरकत येत होती आणि जमिनीला डोकं टेकत होती. माझ्या तोंडात "उठा रे, कपडे मळतील" असं आलं होतं, ते गिळलं. टीटीटी.

ती तापाची पोरगी आता बरी होती. तिनं पानांचं तबक माझ्यापुढं धरलं. फिलिपिनो बाई कानाशी सांगत होत्या : हे वांग्याचं फूल, ते खाली मान घालून असतं म्हणून विनयाचं. या टोकदार लाल कळ्या, बुद्धी अशी टोकदार व्हावी म्हणून. या साळीच्या लाह्या. आणि हे गवत, कितीही तुडवलं तरी वाढतं म्हणून. मी वाकून पाहिलं. ते गवत ओळखायला मला कुणाची गरज नव्हती. भाद्रपदात ते मीच खुडून आणायचो.

ही व्हिडिओवर बघत होती. मी तबक कॅमेऱ्यासमोर धरलं आणि म्हटलं, "बघ, दूर्वा!"

"एकवीस आहेत का?" ती म्हणाली. "मोजा."

मोजल्या. सतरा भरल्या.

"बघा," ही म्हणाली, "शिकवण्यासारखं आहे अजून तिकडं."